मेंझेलच्या खिशांतील शहर

इतिहासाचा वाचक बहुधा राजवाड्याच्या महाद्वारानें आंत शिरतो आणि त्याच द्वारानें बाहेर पडतो. तह कोणत्या सालीं झाला, गादीवर कोण बसला, फौजेचा मुख्य कोण होता, हें सर्व त्यास ठाऊक असतें. परंतु तो तह झाला त्या दिवशीं राजधानींतला मजूर दुपारचा कोठें लवंडला होता, असें कोणी विचारिलें तर तो निरुत्तर होतो. यांत वाचकाचा दोष नाहीं. मजुराच्या वामकुक्षीची नोंद ठेवण्याचें काम कोणत्याहि दरबारानें कोणास सांगितलेलें नसतें. बर्लिन शहराचें भाग्य असें कीं, एकोणिसाव्या शतकांत जवळजवळ सत्तर वर्षें तेथें एक मनुष्य खिशांत वही घेऊन अशीच नोंद ठेवीत हिंडत होता. आणि नवल असें कीं, राजांचा इतिहास चितारणारा म्हणून ज्याची ख्याति झाली तोच हा मनुष्य होय.

आडोल्फ मेंझेल याचा जन्म ८ डिसेंबर १८१५ रोजीं ब्रेस्लाउ येथें झाला. हें शहर तेव्हां प्रशियाच्या राज्यांत होतें. आज तें पोलंडांत असून व्रोत्स्लाव या नांवानें ओळखलें जातें. बाप आधीं मुलींची शाळा चालवीत असे. पुढें त्यानें शिळाछापाचा धंदा धरिला व १८३० सालीं कुटुंबासह बर्लिन गांठलें. दोन वर्षें होतात न होतात तोंच तो वारला, आणि आई, बहीण व धाकटा भाऊ यांचा भार सोळा वर्षांच्या आडोल्फवर पडला. आमंत्रणपत्रिका, शुभेच्छापत्रें, व्यापारी मालावरील चिठ्या असलीं गिऱ्हाइकी कामें करून त्यानें घर चालविलें. १८३३ सालीं तो कलाशाळेंत गेला खरा, परंतु प्लास्टरच्या पुतळ्यांच्या नकला उतरविण्यांत त्याचें मन रमलें नाहीं व लवकरच त्यानें ती वाट सोडिली. त्याची उंची जेमतेम साडेचार फुटांच्या आसपास होती. सैन्यांत भरती करण्यास तो अयोग्य ठरला. तो मूळचा डावखुरा, पण उजव्या हातासहि त्यानें तितकेंच वळण लाविलें होतें. ज्या राज्यांत पुरुषाची किंमत त्याच्या गणवेषावरून होत असे त्या राज्यांत हा ठेंगणा मनुष्य कायमचा कडेला उभा राहिला. आणि कडेला उभें राहणाऱ्यास पुष्कळ दिसतें.

त्याचें नांव झालें तें एका पुस्तकामुळें. फ्रान्झ कुग्लर यानें लिहिलेलें थोरल्या फ्रेडरिक राजाचें चरित्र १८४० ते १८४२ या काळांत भागाभागानें प्रसिद्ध झालें, आणि त्यासाठीं मेंझेलनें लांकडी ठशांवर कोरण्याकरितां सुमारें चारशें चित्रें काढून दिलीं. फ्रेडरिक मरून तेव्हां अर्धशतक लोटलें होतें. दुसरा एखादा चित्रकार असता तर त्यानें राजाच्या मुद्रेवर तेज चढवून वेळ मारून नेली असती. मेंझेलनें जुने गणवेष, खोगीर, तोफा, खुर्च्या, पडदे यांचा एकेक करून शोध घेतला. हा अभ्यास इतका वाढला कीं, त्यांतूनच पुढें फ्रेडरिकच्या सैन्याचे पोषाख दाखविणाऱ्या चारशेंहून अधिक शिळाछाप चित्रांचा स्वतंत्र ग्रंथ निर्माण झाला. मेलेल्या राजाच्या कोटाची गुंडी कोणत्या बाजूस होती याची चौकशी करतां करतां या माणसास एक गोष्ट कळून चुकली असावी. भूतकाळ आपणांस खरा वाटतो तो थोर विचारांमुळें नव्हे, असल्या गुंड्यांमुळें. आणि मग जी दृष्टि त्यानें मृत राजाकडे लाविली होती तीच त्यानें आपल्या जिवंत शेजाऱ्यांकडे वळविली.

त्याच्या ओव्हरकोटास आठ खिसे होते आणि त्यांपैकीं कित्येकांत लहानमोठ्या वह्या असत, असें त्यास ओळखणारांनीं लिहून ठेविलें आहे. डाव्या अंगास खालीं एक मोठा खिसा त्यानें मुद्दाम शिवून घेतला होता. त्यांत कागदांची चामडी पेटी, छाया पुसट करण्यासाठीं कागदाच्या गुंडाळ्या आणि रबर मावत असे. मेजवानी असो, गाडींतला प्रवास असो, मद्यगृहांतलें जेवण असो, वही केव्हां बाहेर येईल याचा नेम नसे. त्यानें काय काढिलें नाहीं? सकाळीं उठून गेल्यावर तसेंच पडलेलें अंथरूण त्यानें काढिलें. चुरगळलेल्या उशीची प्रत्येक सुरकुती तींत जागच्या जागीं आहे. डॉक्टर मित्राच्या कपाटांतील वेड्यावांकड्या रचलेल्या पुस्तकांच्या ओळी काढिल्या. गाडींत डुलकी घेणारे उतारू, घास तोंडाशीं नेणारी म्हातारी, पाठमोरा उभा राहिलेला हमाल, जिन्याचा कठडा, ओला रस्ता, हे सर्व त्याच्या कागदावर आले. स्वतःचें पाऊल, फुगलेल्या शिरा व वांकड्या बोटांसह, त्यानें १८७६ सालीं रंगविलें. कागदाच्या एकाच पानावर एक हात तीनदां, एक टोपी चारदां आणि कोपऱ्यांत कोणा अनोळखी माणसाचा कान, असा प्रकार वारंवार आढळतो. यांत मुख्य कोणतें व गौण कोणतें, हें ठरविण्याची त्यास मुळीं घाईच नव्हती.

ज्या शहरांत हें चाललें होतें तें शहर त्याच्या डोळ्यांदेखत पालटत होतें. तो आला तेव्हां बर्लिनची वस्ती अडीच लाखांच्या घरांत होती. १८७१ सालीं जर्मन साम्राज्य स्थापन झालें तेव्हां ती आठ लाखांच्या वर गेली. आणि १९०५ सालीं, म्हणजे त्याच्या मृत्यूच्या वर्षीं, तिनें वीस लाखांचा आंकडा ओलांडला. एका माणसाच्या आयुष्यांत शहर आठपटीनें वाढलें म्हणजे काय झालें, हें आंकड्यांवरून समजत नाहीं. तें समजून घ्यावयाचें तर मेंझेलनें १८४०च्या सुमारास व पुढें आपल्या खिडकींतून काढिलेलीं चित्रें पाहावीं. त्याचें बिऱ्हाड अनेकदां बदललें, आणि तें बहुधा शहराच्या कडेस असे. १८४४ सालच्या एका चित्रांत घराची मागील बाजू व परसू आहे. १८४६ सालच्या दुसऱ्या चित्रांत जुन्या वाळुंजांच्या झाडांशेजारीं नव्या घराचें बांधकाम चाललें आहे. झाडें अजून उभीं आहेत, पण त्यांचे दिवस भरले आहेत, हें पाहणारास सांगावें लागत नाहीं. १८४७ सालच्या चित्रांत बर्लिनहून पॉट्सडामकडे जाणारी आगगाडी वळण घेत आहे. हा लोहमार्ग १८३८ सालीं सुरू झाला होता. चित्रांत गाडीचा गौरव नाहीं कीं निंदा नाहीं. ओसाड माळ आहे, त्यावर रुळांचा काळा पट्टा पडलेला आहे, आणि दूर क्षितिजाशीं शहर धुरकट दिसत आहे. यांपैकीं पुष्कळ चित्रें त्यानें वर्षानुवर्षें लोकांस दाखविलींच नाहींत. वाऱ्यानें फुगलेला पडदा व दोन खुर्च्या एवढाच विषय असलेलें १८४५ सालचें खोलीचें चित्र आज त्याच्या सर्वांत प्रसिद्ध कृतींपैकीं एक समजलें जातें; तें राष्ट्रीय चित्रसंग्रहांत दाखल झालें १९०३ सालीं.

यानंतर १८४८ सालचा मार्च महिना आला. १८ तारखेस बर्लिनच्या रस्त्यांत राजाचें सैन्य व नागरिक यांची लढाई जुंपली आणि शेंकडों माणसें पडलीं. मेंझेल त्या वेळीं परगांवीं होता. तो २१ तारखेस परतला. दुसऱ्या दिवशीं मृतांच्या दीडशेंहून अधिक शवपेट्या जांडार्मेनमार्क्ट नामक चौकांत चर्चच्या पायऱ्यांवर रचण्यांत आल्या, आणि त्यांची मिरवणूक राजवाड्यावरून गेली तेव्हां राजास सज्जांत उभें राहून टोपी उतरावी लागली. मेंझेलनें हा देखावा पाहिला, मित्रास पत्रानें कळविला, व त्याचें तैलचित्र करावयास घेतलें. सामान्य माणसें ज्यांत नायक आहेत असें भव्य ऐतिहासिक चित्र काढण्याची ही संधि होती. चित्रांत शवपेट्यांचा काळा ढीग दूर आहे. पुढें गर्दी आहे. कोणी टोपी काढीत आहे, कोणी शेजाऱ्याशीं बोलत आहे, कोणी नुसता वाट पाहत आहे. डाव्या बाजूचा खालचा कोपरा तसाच अपुरा राहिला आणि पुढें कधींच भरला गेला नाहीं. आज हें चित्र हांबुर्ग येथें आहे. ज्या क्रांतीची आशा वर्षाच्या आंत मावळली तिच्या चित्रास हा कोरा कोपरा शोभतो, असें पुष्कळांनीं म्हटलें आहे. मला त्यांत आणखी एक गोष्ट दिसते. मेंझेलच्या डोळ्यांस गर्दी ही कधीं एक वस्तु म्हणून दिसतच नसे. तीस एक मन, एक हुंकार, एक ध्येय देणें हें मोठ्या ऐतिहासिक चित्राचें काम. आणि तें करावयाचें तर त्यास समोर दिसणाऱ्या शंभर निरनिराळ्या माणसांविषयीं खोटें बोलावें लागलें असतें.

पुढें दरबारानें त्यास मोठीं कामें दिलीं. पहिल्या विल्यमचा राज्याभिषेक १८६१ सालीं क्योनिग्सबेर्ग येथें झाला. त्याचें चित्र पुरें करण्यास चार वर्षें लागलीं, आणि त्यांत एकशें बत्तीस व्यक्तींच्या मुद्रा ओळखूं येतील अशा काढाव्या लागल्या. त्यासाठीं केलेल्या अभ्यासचित्रांत सरदारांचीं डोकीं एकामागून एक येतात. ती वही अंथरुणाच्या व बुटांच्या चित्रांशेजारीं ठेवून पाहिली, तर पेन्सिलीनें सरदारास जास्त मान दिला आहे असें दिसत नाहीं. १८६६ सालीं प्रशिया व ऑस्ट्रिया यांचें युद्ध झालें, तेव्हां मेंझेल पन्नाशीचा होता. तो आपण होऊन बोहेमियांत गेला. तेथून त्यानें विजयाचें एकहि चित्र आणिलें नाहीं. गवतावर ओळीनें निजविलेलीं शिपायांचीं प्रेतें, उघड्या पडलेल्या पोटऱ्या, वासलेलीं तोंडें, हीं त्यानें पेन्सिलीनें व जलरंगानें उतरविलीं. ज्यानें फ्रेडरिकच्या लढाया चित्रांतून घराघरांत पोंचविल्या त्यानें प्रत्यक्ष लढाईनंतरचें शेत पाहिल्यावर पुन्हां रणांगणाचें गौरवचित्र म्हणून कांहीं काढिलें नाहीं.

याच दृष्टीचा परिपाक म्हणजे १८७१ सालीं पुरें केलेलें एक चित्र. ३१ जुलै १८७० रोजीं राजा विल्यम फ्रान्सविरुद्धच्या युद्धासाठीं बर्लिनहून निघाला. उंटर डेन लिंडेन या राजमार्गावरून त्याची गाडी गेली. विषय राष्ट्रीय अभिमानाचा, आणि चित्र निघालें तेंहि विजयानंतर. पण तें पाहतांना राजा शोधावा लागतो. गाडी लहान, गर्दींत बुडालेली. राणीनें रुमाल तोंडाशीं धरिला आहे. चित्राचा बहुतेक भाग रस्त्यानें व्यापिला आहे: फडफडणारीं निशाणें, गच्चीवर झुकलेले लोक, कुत्रीं, आणि वर्तमानपत्रें विकणारा एक पोऱ्या, ज्यास राजाकडे पाहण्यास फुरसद नाहीं. ही थट्टा नव्हे. त्या दिवशीं फूटपाथवर उभ्या असलेल्या माणसास जेवढा राजा दिसला तेवढाच मेंझेलनें दाखविला.

एकदां राजा इतका लहान झाल्यावर जागा पुष्कळ मोकळी झाली, आणि त्या जागेंत कामकरी माणूस आला. १८७२ सालीं मेंझेल अप्पर सिलेशियांतील क्योनिग्सह्युट्टे येथील लोखंडी रूळ लाटण्याच्या कारखान्यांत गेला. फिरणारीं प्रचंड चाकें, पट्टे व तापून लाल झालेले लोखंडाचे गोळे यांच्या मधोमध उभा राहून तो आठवडेच्या आठवडे सकाळपासून संध्याकाळपर्यंत टांचणें काढीत होता. आपणहि त्यांतच लाटले जाऊं अशी धास्ती वाटे, असें त्यानेंच पुढें लिहिलें. शंभराहून अधिक टांचणांवरून १८७५ सालीं सुमारें आठ फूट रुंदीचें चित्र तयार झालें. मध्यभागीं लाल लोखंड व त्याच्याशीं झुंजणारी माणसें आहेत. पण डाव्या बाजूस पाळी संपलेले कामकरी अंग धूत आहेत; उजवीकडे पत्र्याच्या आडोशास कांहींजण जेवत आहेत, एकजण बाटली तोंडास लावीत आहे, आणि जेवणाची टोपली आणणारी मुलगी थेट आपणांकडे पाहत आहे. कारखान्याचा व्यवस्थापक दूर, धुरांत, हॅट घातलेल्या एका आकृतीएवढा उरला आहे. यंत्रयुगाचीं स्तोत्रें व यंत्रयुगास दिलेले शाप त्या शतकांत विपुल झाले. पाळी, स्नान व जेवण यांचा असा ताळेबंद देणारें चित्र मात्र विरळा. त्याच वर्षीं त्यानें इमारतीवर काम करणाऱ्या गवंड्यांचेंहि एक चित्र काढिलें. नव्या राजधानीचा थाट ज्यांच्या हातून उभा राहत होता ते हात त्यांत दिसतात.

या सर्वास एक दुसरी बाजू आहे, व ती लपविणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. जो सर्वांकडे सारख्याच डोळ्यांनीं पाहतो तो सर्वांपासून सारखाच दूरहि असूं शकतो. मरणोन्मुख शिपाई आणि चुरगळलेली उशी यांस जर एकच पेन्सिल तितक्याच शांतपणें लागू पडते, तर त्या शांतपणास करुणा म्हणावें कीं थंडपणा, असा प्रश्न कोणाहि वाचकाच्या मनांत येईल. मेंझेलनें लग्न केलें नाहीं. आई १८४६ सालीं वारली. तो बहिणीच्या कुटुंबासमवेत राहिला. स्वभावानें तो तुसडा म्हणून प्रसिद्ध होता. आपल्या मृत्युपत्रांत त्यानें लिहिलें आहे त्याचा आशय असा कीं, आपणांस बाहेरच्या जगाशीं चिकटवून ठेवील अशी, स्वतः तयार केलेली, कसलीहि खळ आपणांपाशीं नाहीं. इतकें कोरडें व इतकें दुःखाचें आत्मपरीक्षण क्वचितच कोणी केलें असेल. तें वाचल्यावर त्या आठ खिशांचा अर्थ थोडा निराळा लागतो. इतरांस जें घर, संसार व मैत्री यांतून आपोआप मिळतें तें त्यास रोज नव्यानें कागदावर मिळवावें लागत होतें. उतारवयांत तो सुताराची जाड पेन्सिल वापरूं लागला. म्हाताऱ्या माणसांचे चेहरे त्यानें इतक्या जवळून काढिले आहेत कीं, त्यांचा श्वास ऐकूं यावा. हा थंडपणा असेल तर तो माणसांच्या फार जवळ जाऊन बसलेला थंडपणा आहे. मला तरी तो थंडपणा वाटत नाहीं.

मानसन्मानांत कांहीं उणें राहिलें नाहीं. १८९८ सालीं प्रशियाचें सर्वांत मोठें मानचिन्ह त्यास मिळालें व त्याबरोबर सरदारकीहि आली. पॅरिसमध्यें देगा यानें त्याच्या चित्राची नक्कल करून त्यास मान दिला होता. ९ फेब्रुवारी १९०५ रोजीं तो वारला तेव्हां खुद्द बादशहा दुसरा विल्यम त्याच्या शवपेटीमागून चालत गेला. बादशहानें ज्यास निरोप दिला तो फ्रेडरिकच्या कीर्तीचा चितारी होता. पण मागें घरांत जें सांपडलें तें दुसऱ्याच माणसाचें धन होतें. त्याच्या संग्रहांतील बहुतेक कागद राज्यानें विकत घेतले; बर्लिनच्या संग्रहालयांत आज त्याचीं सहा हजारांहून अधिक रेखाचित्रें व सत्तरच्या आसपास वह्या आहेत.

काळानें या दोन माणसांचा निवाडा विलक्षण रीतीनें केला. फ्रेडरिक राजा आपल्या पाहुण्यांसह मेजवानीस बसला आहे असें जें १८५० सालचें चित्र एके काळीं जर्मनींतील घराघरांत नकलेच्या रूपानें टांगलेलें असे, तें मूळ चित्र १९४५ सालीं युद्धाच्या अखेरच्या धुमाळींत नाहींसें झालें. ज्या राजवाड्याच्या सज्जांत १८४८ सालीं राजानें टोपी काढिली तो वाडा बाँबवर्षावांत जळाला व १९५० सालीं सुरुंग लावून पाडण्यांत आला. आतां त्या जागीं जुन्या धर्तीचें नवें बांधकाम झालें आहे. खिशांत मावणाऱ्या वह्या मात्र बहुतांशीं शिल्लक आहेत.

आणि १८४६ सालचें आणखी एक चित्र शिल्लक आहे. मेंझेलच्या त्या वेळच्या बिऱ्हाडाच्या खिडकींतून प्रिन्स आल्ब्रेक्टच्या वाड्याची बाग दिसत असे. त्यानें ती रंगविली: दाट झाडी, झाडींतून डोकावणारा वाडा, आणि अगदीं पुढें, कुंपणाजवळ, दुपारच्या उन्हांत निजलेले मजूर. वाड्यांत त्या दिवशीं काय चाललें होतें, हें चित्र सांगत नाहीं. पुढें १९३४ सालीं त्याच वाड्यांत नाझींच्या गुप्त हेरसंघटनेचें ठाणें बसलें, आणि तेथून निघालेल्या कागदांनीं असंख्य माणसांचे प्राण घेतले. वाडा युद्धांत मोडला, उरलेला भाग १९४९ सालीं पाडला गेला. त्या परिसरांत २०१० सालीं उघडलेल्या वास्तूंत आतां त्या भीषण काळाचीं कागदपत्रें लोकांस दाखविण्यांत येतात. तीं पाहिलींच पाहिजेत. परंतु तीं पाहून झाल्यावर कोणास १८४६ सालचें तें चित्र पाहण्याची संधि मिळाली तर त्यानें तेथेंहि क्षणभर थांबावें. राज्यकर्त्यांनीं त्या भूमीवर काय केलें याच्या नोंदी ढिगांनीं आहेत. त्याच भूमीवर एके दुपारीं कांहीं थकलेलीं माणसें निर्धास्त निजलीं होतीं, याची नोंद एका ठेंगण्या माणसानें कोणीं न सांगतां करून ठेविली, म्हणून तेवढी आपणांस ठाऊक आहे.